एमजीएफ सोडून लोटस एलिस घ्यावी का?

रेडिंगकर

नमस्कार मंडळी. माझ्याकडे १९९९ सालची एमजीएफ आहे, म्हणजे एमजीची उघड्या टपाची दोन आसनी स्पोर्ट्स कार, १.८ लिटरच्या व्हीव्हीसी (व्हॉल्व्हची वेळ बदलणाऱ्या) इंजिनाची, गडद हिरवी. रोजच्या कामासाठी घरात दुसरी गाडी असल्यामुळे हिच्याकडून सामान वाहण्याची वा मुलांना शाळेत सोडण्याची अपेक्षा नाही. रविवारी सकाळी टप उघडून रेडिंगहून निघायचे, कॉट्सवोल्ड्समधल्या आडरस्त्यांनी फिरायचे आणि जेवायला घरी परतायचे, उन्हाळ्यात जमल्यास एखादा शनिवार-रविवार वेल्सला काढायचा, एवढाच तिचा उपयोग आहे. गाडीने मला आजवर रस्त्यात सोडलेले नाही, हे आधीच सांगतो, म्हणजे कोणी हेड गॅस्केटवरून, या इंजिनाच्या त्या प्रसिद्ध दुखण्यावरून, सुरुवात करणार नाही.

तरीही अलीकडे मन भरत नाही. साधारण १४५ अश्वशक्ती माझ्यासारख्याला पुरेशी आहे, त्यामुळे वेगाची तक्रार नाही. पण स्टिअरिंग इतके हलके आहे की पुढची चाके काय करत आहेत ते हातांना नीट कळत नाही, आणि खडबडीत रस्त्यावर एकामागून एक वळणे आली की गाडी हेलकावे खाऊ लागते. एका परिचितांनी त्यांची पहिल्या पिढीची एलिस अर्धा तास चालवायला दिली, तेव्हापासून ही गोष्ट डोक्यातून जात नाही. दोन्ही गाड्यांत मुळात एकाच घराण्याचे इंजिन असूनही त्या एकमेकींच्या नात्यातल्या वाटत नाहीत.

माझ्यापुढे पर्याय असे आहेत: एमजीएफच्याच वंशातली टीएफ १६० घ्यावी, पहिल्या पिढीची एलिस घ्यावी, किंवा थोडे अधिक पैसे घालून टोयोटाचे इंजिन असलेली दुसऱ्या पिढीची एलिस १११आर घ्यावी. वय पन्नाशीपलीकडे आहे आणि डावा गुडघा अधूनमधून कुरकुरतो. ज्यांनी असा बदल केला आहे त्यांनी तो कसा वाटला ते लिहावे. ज्यांनी विचार करून टाळला त्यांची कारणे मला अधिक उपयोगी पडतील.

आळशी_उंट

गुडघा कुरकुरतो हे शेवटी लिहिलेत, पण खरा धागा तिथूनच सुरू होतो.

पानापक्कड

रेडिंगकर, आपण वर्णन केलेली दोन्ही लक्षणे वेगवेगळ्या कारणांची आहेत आणि त्यांतले एक दुरुस्त होण्याजोगे आहे, म्हणून गाडी विकण्याआधी हे वाचावे.

एमजीएफला पोलादी स्प्रिंगा नाहीत. तिचे हायड्रागॅस सस्पेन्शन अलेक्स मोल्टन यांच्या कल्पनेतून आलेले आहे. प्रत्येक चाकाशी एक गोळा असतो, त्यात पडद्याच्या एका बाजूला दाबाखालचा नायट्रोजन आणि दुसऱ्या बाजूला द्रव असतो, आणि पुढच्या-मागच्या चाकांचे गोळे नळीने एकमेकांना जोडलेले असतात. पुढचे चाक उंचवट्यावर चढले की तिकडचा द्रव मागे ढकलला जातो आणि गाडी नाक वर न करता सपाट राहते. नवी असताना ही रचना फार सुरेख चालत असे. मात्र वर्षानुवर्षे नायट्रोजन पडद्यातून हळूहळू झिरपून जातो, आणि वायूची जागा द्रवाने भरून उंची कायम ठेवली तरी लवचिकपणा उरत नाही. पंचवीस वर्षांच्या गाडीत पंप लावून द्रव भरला की ती दिसायला बरोबर उंचीवर येते, पण खड्ड्यावर आदळते आणि वळणात डुलते. गोळे बदलणे किंवा त्यांत पुन्हा वायू भरून घेणे हा त्यावरचा खरा उपाय आहे. शॉक अ‍ॅब्सॉर्बरही त्याच वयाचे असतील तर तेही बदलावेत.

स्टिअरिंगचा हलकेपणा मात्र विजेच्या मदतीमुळे आहे आणि तो गाडीच्या स्वभावाचाच भाग आहे. त्यावर गॅरेजमध्ये इलाज नाही.

हेथेलचा_शेजारी

मी नॉरफॉकमध्ये राहतो आणि माझ्याकडे दुसऱ्या पिढीची एलिस आहे. त्याआधी टीएफ १३५ होती, त्यामुळे हा प्रवास मी केलेला आहे असे म्हणता येईल.

पानापक्कड यांचे सस्पेन्शनबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, पण त्याने मूळ प्रश्न सुटत नाही. एमजीएफ आणि एलिस या दोन्ही गाड्या १९९५ साली लोकांसमोर आल्या, दोन्हींत इंजिन आसनांच्या मागे आडवे बसवलेले होते आणि दोन्हींत रोव्हरचे के-सीरीज इंजिन होते. पण रोव्हरला मोठ्या संख्येने खपणारी, कोणालाही चालवता येईल अशी गाडी हवी होती, तीही कमी खर्चात, म्हणून त्यांनी मेट्रो या लहान गाडीच्या सबफ्रेम (चाके आणि सस्पेन्शन पेलणाऱ्या चौकटी) पुढे आणि मागे वापरल्या. लोटसने उलट दिशेने विचार केला. अ‍ॅल्युमिनियमच्या पोकळ पट्ट्या इपॉक्सीने चिकटवून जोडलेली त्यांची चासी केवळ ६८ किलोची होती, आणि पहिली एलिस सगळी मिळून सव्वासातशे किलोंच्या आसपास भरली. आपली एमजीएफ हजारावर साठ-सत्तर किलोंची असेल. इंजिन तेच ठेवून तीनशेहून अधिक किलो उतरवले की स्टिअरिंगला मदत लागत नाही, ब्रेक लहान चालतात, स्प्रिंगा मऊ ठेवता येतात आणि टायर अरुंद पुरतात. परिचितांच्या गाडीत आपल्याला जे जाणवले ते बहुतेक याच वजनातून आलेले आहे, आणि म्हणून टीएफ १६० घेऊन ते मिळणार नाही. टीएफमध्ये २००२ साली हायड्रागॅस काढून साध्या स्प्रिंगा बसवल्या, सांगाडा अधिक ताठ केला, गाडी वळणात नेटकी झाली. पण ती सुधारलेली एमजीएफच आहे.

पानापक्कड

मान्य, पण सुधारलेली एमजीएफ ही काही शिवी नव्हे. चांगल्या स्थितीतली टीएफ १६० एलिसच्या किमतीच्या लहानशा भागात मिळते आणि वेल्सला जाऊन आल्यावर कान वाजत नाहीत. आपल्यापैकी किती जण गाडीची खरी मर्यादा सार्वजनिक रस्त्यावर गाठतात? इथल्या गावाबाहेरच्या दुभाजक नसलेल्या रस्त्यांवर ताशी साठ मैलांची मर्यादा आहे.

सह्यकडा

मला नेमका हाच मुद्दा उलट वाटतो. मर्यादा साठची आहे म्हणूनच हलकी गाडी हवी, कारण तिच्यात साठच्या आतच सगळे घडते. दोनशे अश्वशक्तीच्या जड गाडीत मजा सुरू होईपर्यंत परवाना धोक्यात आलेला असतो. मी शेफील्डला राहतो आणि माझ्याकडे केटरहॅम आहे. स्नेक पासच्या घाटातून मर्यादेत राहून जाताना जे मिळते ते मला याआधीच्या कोणत्याही गाडीत मिळाले नाही. रेडिंगकर, बदल करायचाच तर अर्ध्यावर का थांबता? माझी केटरहॅम म्हणजे मुळात लोटस सेव्हन ही १९५७ सालची गाडी, तिचे हक्क १९७३ साली केटरहॅम कंपनीकडे गेले आणि ती आजही बनते आहे. के-सीरीज इंजिन हवेच असेल तर त्या इंजिनाच्या केटरहॅमही वापरलेल्यांच्या बाजारात असतात.

अपर्णा_लेस्टर

सह्यकडा, आपल्या गाडीला दारे नाहीत आणि टप लावणे हा स्वतंत्र उद्योग आहे, एवढे सांगायचे राहिले.

मी बाजूच्या आसनावरची बाजू मांडते, कारण ती अशा धाग्यांवर सहसा येत नाही. आमच्या घरी आधी एमजीएफ होती आणि नंतर पहिल्या पिढीची एलिस आली. एमजीएफमध्ये मी रीतसर दार उघडून, साडी नेसून, एका लग्नालाही गेले आहे. एलिसचा उंबरठा रुंद आणि उंच असतो, कारण चासीची मुख्य तुळई तिथूनच जाते. टप लावलेला असताना तिच्यात शिरणे म्हणजे एस.टी.च्या खिडकीतून आत शिरून जागा पकडण्याचा प्रकार आहे, आधी रुमाल आणि मागोमाग आपण. टप काढलेला असेल तर उंबरठ्यावर बसून दोन्ही पाय एकत्र आत घेता येतात आणि सवयीने ते जमते. बाजूचे आसन पुढेमागे सरकत नाही, फक्त चालकाचे सरकते, त्यामुळे उंच किंवा बुटक्या सहप्रवाशाने आधी बसून पाहावे. इंजिनाच्या मागच्या डिकीत दोन मऊ पिशव्या मावतात आणि लांबच्या प्रवासात त्या कोमट होतात, म्हणून चॉकलेट तिथे ठेवू नये.

हे सगळे सांगूनही मी एलिसच्या बाजूने आहे. मी स्वतः ती चालवते आणि पावसाळी सकाळी रिकाम्या रस्त्यावर तिचे स्टिअरिंग हातात असण्याचे सुख मला एमजीएफमध्ये मिळाले नव्हते. फक्त घरातल्या दुसऱ्या माणसाला विचारल्याशिवाय हा निर्णय घेऊ नये.

रेडिंगकर

अपर्णाताई, आभार. हिला विचारले आहे. उत्तर "आधी बसून दाखवा" असे आले.

कोथरूडचा_वाचक

मी कायम वाचनमात्र असतो, पण एक शंका विचारतो. आमच्याकडे एमजी म्हटले की हेक्टर डोळ्यांसमोर येते. ही एमजी आणि ती एमजी एकच का? आणि अशी एखादी जुनी एमजीएफ पुण्याला आणता येईल का?

जुनाजाणता

नाव एकच, गाडी वेगळ्या हातांनी बनवलेली. एमजी म्हणजे ऑक्सफर्डचे मॉरिस गॅरेजेस. तिथले व्यवस्थापक सेसिल किंबर यांनी मॉरिसच्या साध्या गाड्यांवर खेळकर बांधणी चढवून विकायला सुरुवात केली आणि पुढे १९२९ पासून ॲबिंग्डनचा कारखाना हेच एमजीचे घर झाले. १९६२ ते १९८० या काळात निघालेली एमजीबी पाच लाखांहून अधिक खपली, आणि १९८० साली ॲबिंग्डन बंद झाल्यावर खऱ्या अर्थाने नवी आखलेली एमजी स्पोर्ट्स कार यायला १९९५ उजाडले. ती हीच एमजीएफ, बर्मिंगहॅमजवळच्या लाँगब्रिजची. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर बुडाली, नाव आणि साहित्य चीनच्या नानजिंग कंपनीकडे गेले आणि तिथून एसएआयसी या दुसऱ्या चिनी कंपनीकडे. टीएफ काही काळ पुन्हा लाँगब्रिजला जुळवली गेली आणि २०११ मध्ये थांबली. आपली हेक्टर गुजरातच्या हालोलची.

एमजीएफ पुण्याला आणण्याचा विचार सोडावा. वापरलेली गाडी भारतात आणायची तर ती उत्पादनापासून तीन वर्षांहून जुनी चालत नाही, आणि शुल्क मूळ किमतीपेक्षा जड पडते. भारतात उघड्या टपाची एमजी हवीच असेल तर सायबरस्टर मिळते, पण ती विजेवर चालते आणि तिचे वजन जवळजवळ दोन टन आहे, म्हणजे या धाग्याच्या बरोबर विरुद्ध टोकाला.

आता मूळ प्रश्नाकडे. मी पूर्वी एमजीबी चालवत असे. रेडिंगकर, आपल्याला "अधिक स्पोर्टी" गाडी हवी आहे असे आपण म्हणता, पण वर्णन कॉट्सवोल्ड्समधल्या रविवारच्या फेरफटक्याचे करता. त्या फेरफटक्याला एमजी हीच योग्य गाडी आहे. एलिस तुमच्याकडून सतत काहीतरी मागत राहील. गप्पा मारत, देखावा पाहत जायचे असेल तर ती चुकीची सोबत आहे.

हेथेलचा_शेजारी

जुनाजाणता यांचा आदर राखून असहमत आहे. एलिस सावकाश चालवतानाही बोलते, किंबहुना ताशी चाळीस मैलांवर तिच्याइतकी जागी असलेली गाडी मला माहीत नाही. थकवा येतो तो मोटरवेवर, वाऱ्याच्या आणि टायरच्या आवाजाने. रेडिंग ते वेल्स हा एम४ वरचा टप्पा कंटाळवाणा होईल, ब्रेकन बीकन्समध्ये शिरल्यावर तो विसरला जाईल.

मीटरगेज

भावनेचा भाग झाला असेल तर हिशोबाकडे वळू या.

वापरण्याजोगी एमजीएफ आज दोन-तीन हजार पौंडांत मिळते, त्यामुळे विकून फारसे हाती येणार नाही. चांगली एलिस वीस हजारांच्या आगेमागे पडते. पण २०२१ मध्ये उत्पादन थांबल्यापासून नीट सांभाळलेल्या एलिसची किंमत फारशी घसरत नाही, म्हणजे पैसा गाडीत अडकतो, बुडत नाही. विमा घेताना वर्षाचे मैल मर्यादित ठेवून आणि गाडीची किंमत आधीच ठरवून घेणारी पॉलिसी घ्यावी. नेहमीच्या पॉलिसीत अपघातानंतर बाजारभावावरून वाद घालण्याची वेळ येते. ट्रॅकवर गाडी नेणार असाल तर साध्या विम्यात ते धरले जात नाही. आधीच्या मालकाने सायलेन्सर किंवा स्प्रिंगा बदलल्या असतील तर तेही विमा कंपनीला कळवावे लागते.

आणखी एक. ऑगस्ट २०२३ पासून लंडनच्या सगळ्या बरोंमध्ये (पालिका विभागांत) युलेझ, म्हणजे जास्त धूर सोडणाऱ्या गाड्यांवरचे शुल्क, लागू आहे आणि अपात्र गाडीला दिवसाला साडेबारा पौंड पडतात. पेट्रोल गाडीला युरो ४ हा धुराचा निकष आहे. २००६ नंतरच्या गाड्या सहसा पात्र असतात, त्याआधीच्या काही असतात, काही नसतात. क्रमांक टाकून तपासणे हाच मार्ग. आपण रेडिंगला आहात, पण हीथ्रोला कोणाला सोडायला निघालात तर लागू होईल.

आळशी_उंट

हीथ्रोला सोडायला एलिस नेली तर सामान मागून टॅक्सीने येईल.

नवखा_मी

एक भाबडा प्रश्न. एवढे करण्यापेक्षा सरळ मियाटा, म्हणजे माझदाची एमएक्स-५, का घेऊ नये? छत एका हाताने उघडते, भाग मिळतात आणि हेड गॅस्केटचा घोर नाही.

अपर्णा_लेस्टर

हा प्रश्न येणार हे ठरलेलेच होते. माझ्याकडे एमएक्स-५ होती आणि तिच्याविरुद्ध बोलायला माझ्याकडे काही नाही. १९८९ साली ती आली तेव्हा तिच्या आखणीवर १९६२ च्या लोटस एलानची छाप होती आणि मालक ते लपवत नाहीत. पण रेडिंगकर यांना एमजीपेक्षा अधिक तीव्र अनुभव हवा आहे, आणि एमएक्स-५ त्यांना त्याच पायरीवर, फक्त अधिक निर्धास्त, ठेवेल.

पानापक्कड

हेड गॅस्केटचा विषय निघालाच आहे तर तो नीट मांडतो, कारण पहिल्या पिढीची एलिस हा पर्याय असेल तर तो टाळता येत नाही. के-सीरीज १९८८ मध्ये आले तेव्हा ते अत्यंत हलके आणि कल्पक इंजिन होते. सिलिंडर हेडपासून खालच्या शिडीसारख्या चौकटीपर्यंत आरपार जाणारे लांब बोल्ट सगळे थर एकत्र आवळून धरतात. १.४ लिटरपर्यंत हे चांगले चालले. पुढे सिलिंडरचा व्यास ७५ वरून ८० मिलिमीटर करून १.६ आणि १.८ काढले तेव्हा लायनर आणि ब्लॉक यांच्यातली सवड कमी झाली. त्यात कूलंटचे प्रमाण मुळात कमी आणि थर्मोस्टॅट इंजिनात पाणी येण्याच्या बाजूला. एमजीएफ आणि एलिसमध्ये रेडिएटर पुढे आणि इंजिन मागे असल्यामुळे लांब नळ्यांतले थंड पाणी थर्मोस्टॅट उघडताच एकदम आत येते आणि गरम धातूला धक्का बसतो. पाण्याची पातळी थोडी घटली आणि चालकाला कळले नाही, की गॅस्केटवर सगळे येऊन पडते.

यावर उपाय निघाले आहेत. प्लॅस्टिकच्या खुंट्यांऐवजी पोलादी, अनेक थरांचे पोलादी गॅस्केट, खालची शिडी अधिक भक्कम, आणि दाबानुसार उघडणारा थर्मोस्टॅट बाहेर बसवणे. हे सगळे एका माहीतगार माणसाकडून झालेले असेल आणि त्याची बिले असतील तर या इंजिनाला घाबरण्याचे कारण नाही. बिले नसतील तर "गॅस्केट बदलले आहे" या वाक्याला काडीची किंमत देऊ नये. रेडिंगकर, आपल्या एमजीएफमध्येही कूलंटची पातळी कमी झाल्याचा इशारा देणारा सेन्सर बसवून घ्यावा. खर्च किरकोळ आहे.

सह्यकडा

पहिल्या पिढीच्या बाजूने मी बोलतो, कारण बाकीचे सगळे १११आरकडे झुकतील असे दिसते. पहिल्या एलिसमध्ये ब्रेकला सर्व्हो (पायाचा जोर वाढवणारी मदत) नाही, एबीएस नाही, आत उघडे अ‍ॅल्युमिनियम दिसते. ज्युलियन थॉमसन यांनी आखलेला तिचा आकार आणि रिचर्ड रॅकहॅम यांनी आखलेली चासी यांच्यात एकच विचार आहे. तत्कालीन अध्यक्ष रोमानो आर्तिओली यांची नात एलिसा हिच्यावरून तिचे नाव ठेवले, एवढी ती घरची होती. रेडिंगकर जी गाडी चालवून भारावले ती हीच आहे. मग दुसरी का घ्यावी?

हेथेलचा_शेजारी

कारण त्यांचा गुडघा कुरकुरतो. दुसऱ्या पिढीचा उंबरठा पहिलीपेक्षा खाली आहे आणि तेवढ्याने फरक पडतो.

२००४ साली आलेल्या १११आरमध्ये टोयोटाचे १.८ लिटर २झेडझेड इंजिन आहे, जे यामाहाच्या मदतीने घडवले गेले. सहा गिअर, साधारण १९० अश्वशक्ती, एबीएस, आणि वजन ८६० किलो. म्हणजे पहिलीपेक्षा शंभरावर किलो जड, आपल्या एमजीएफपेक्षा दोनशे किलो हलकी. त्या इंजिनाचा एक स्वभाव समजून घ्यावा. मिनिटाला सहा हजार फेऱ्यांपर्यंत ते सज्जन असते, काहीसे मवाळच. त्यापुढे व्हॉल्व्ह उघडणारा कॅम बदलतो आणि आवाज, ओढ सगळे पालटते, आणि ते आठ हजारांपलीकडे पळते. ज्यांना खालच्या फेऱ्यांतली सहज ओढ आवडते त्यांना के-सीरीजची एलिस रस्त्यावर जास्त गोड वाटते, हे सह्यकडा यांच्या बाजूने मी स्वतःहून मान्य करतो.

खरेदी करताना काय पाहायचे ते सविस्तर लिहितो, कारण इथे चुकल्यास महागात पडते. चासी चिकटवलेली आहे, तिला वेल्डिंग करता येत नाही, त्यामुळे तिला बाक आला किंवा चीर गेली तर डेंटिंग करून भागत नाही. पूर्वी अपघातात बाद ठरवलेल्या गाड्या दुरुस्त होऊन बाजारात येतात. २०१७ पासून त्यांना एस आणि एन असे वर्ग आहेत, त्याआधी सी आणि डी होते. नोंद तपासल्याशिवाय बोलणी सुरूच करू नयेत. पोटाखालचे पत्रे बोल्ट काढून उतरवता येतात. विक्रेता ते उतरवू देत नसेल तर गाडी सोडून द्यावी. मागची सबफ्रेम आणि सस्पेन्शनचे हात पोलादी आहेत, त्यांना गंज चढतो. पुढचे आणि मागचे अंग फायबरचा एकेक मोठा तुकडा आहे, त्यामुळे पार्किंगमधला लहान धक्काही दुरुस्तीला लहान राहत नाही. रेडिएटर बदलायचा तरी पुढचे अख्खे अंग उतरवावे लागते. ट्रॅकवर पळालेल्या गाडीत मागच्या टो-लिंकचे (चाकाची दिशा धरून ठेवणाऱ्या दांड्याचे) बॉल जॉइंट ढिले झालेले असू शकतात आणि ते तुटले तर मागचे चाक स्वतःच्या मनाने वळते, म्हणून ते हाताने हलवून पाहावेत.

रेडिंगकर

हे सगळे मी छापून ठेवले आहे. एक शंका आहे. इंजिन मागे असलेल्या गाड्या ओल्या रस्त्यावर मागून निसटतात असे सगळे म्हणतात. एमजीएफमध्ये मला तसे कधी जाणवले नाही. एलिसमध्ये ते किती गंभीरपणे घ्यावे?

सह्यकडा

गंभीरपणे, पण भीतीने नाही. वळणात शिरल्यावर वेग जास्त वाटला म्हणून एकदम अ‍ॅक्सिलरेटर सोडला की भार पुढे जातो, मागची चाके हलकी होतात आणि इंजिनाचे वजन मागचे टोक बाहेर ओढते. एमजीएफ मुद्दाम अशी बसवलेली आहे की ती आधी नाकाने बाहेर सरकून चालकाला सावध करते. एलिसही बऱ्यापैकी सावध करते, पण तिचे सांगणे लवकर संपते. वेग वळणाआधी कमी करावा, वळणात पाय स्थिर ठेवावा. यात नवे काही नाही, एलिसमध्ये फक्त ते पाळावे लागते.

मीटरगेज

आणि टायरचे वय पाहावे. अशा गाड्या वर्षाला दोन हजार मैलही पळत नाहीत, त्यामुळे नक्षी शिल्लक दिसते पण रबर दगड झालेले असते. टायरच्या बाजूवर चार आकडी खूण असते, पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे. १११आरला पुढे १७५ आणि मागे २२५ रुंदीचे टायर असतात, चारही एकाच जातीचे असावेत. आधीच्या मालकाने ट्रॅकचे अर्धवट गुळगुळीत टायर बसवले असतील तर नोव्हेंबरच्या गार ओल्या सकाळी ते तापतच नाहीत.

जुनाजाणता

एक मधला मार्ग राहिला. नॉरफॉकमधल्या हेथेलच्या त्याच लोटस कारखान्यात, एलिसच्याच रचनेवर, व्हॉक्सहॉलसाठी व्हीएक्स२२० बनत असे, साधारण २००० ते २००५. जनरल मोटर्सचे २.२ लिटर इंजिन, साखळीने फिरणारा कॅम, एबीएस, चालकाला एअरबॅग. नावात लोटस नसल्यामुळे किंमत कमी असते. माझ्या मते रेडिंगकर यांनी एमजी ठेवावी हे मी बदललेले नाही, पण जायचेच असेल तर तीही चालवून पाहावी.

हेथेलचा_शेजारी

उत्तम सूचना. तिच्या शरीराचे भाग आता शोधावे लागतात, तेवढे लक्षात ठेवावे. चासीबाबतचे वरचे सगळे तिलाही लागू आहे.

अपर्णा_लेस्टर

टपाबद्दल कोणी लिहिले नाही. एमजीएफचा टप दोन कड्या सोडून मागे टाकता येतो, सिग्नलला उभे असतानाही. एलिसचा टप म्हणजे कापड गुंडाळून, आडव्या काठ्या काढून सगळे डिकीत ठेवायचे. इंग्लंडच्या हवेत हे दिवसातून दोनदा करावे लागले की माणूस एक तर भिजायला शिकतो किंवा टप लावूनच फिरतो. दुसरे करणार असाल तर एलिस घेण्यात अर्थ नाही.

पानापक्कड

माझे शेवटचे मत. हायड्रागॅस आधी ठीक करून घ्यावे, कारण आत्ता रेडिंगकर आजारी एमजीएफची तुलना निरोगी एलिसशी करत आहेत. त्यानंतरही मन एलिसकडेच राहिले तर निदान एमजीएफ विकताना चार पैसे जास्त मिळतील आणि विकत घेणाऱ्यालाही चांगली गाडी मिळेल.

रेडिंगकर

सर्वांचे मनापासून आभार. टीएफ यादीतून काढली. तिच्यात दोष नाही, पण मला जे हवे ते वजनातून येते हे हेथेलचा_शेजारी यांचे म्हणणे पटले. केटरहॅम घरच्या मतदानात पडली. हायड्रागॅसचे गोळे बदलून घेण्यासाठी एका माहीतगाराकडे गाडी सोडतो आहे. जुनाजाणता, तुमचा प्रश्न मी टाळत नाही: फेरफटका रविवारचाच आहे, पण अलीकडे मी त्यात देखावा पाहत नाही, रस्ता पाहतो.

हिवाळ्यात उघड्या टपाच्या गाड्यांना गिऱ्हाईक कमी असते, म्हणून नोव्हेंबरमध्ये एक १११आर आणि जमल्यास एक व्हीएक्स२२० पाहायला नॉरफॉकला येण्याचा बेत आहे. ही सोबत येणार आहे आणि बाजूच्या आसनावर आधी तीच बसणार आहे. शेजारी, पोटाखालचे पत्रे उतरवून पाहायला आपण बरोबर याल का?

हेथेलचा_शेजारी

अवश्य. जॅक आणि स्टँड मी आणतो. आपण बूट अरुंद तळव्याचे घालून या, एलिसचे पेडल एकमेकांच्या इतके जवळ आहेत की रुंद बुटाने ब्रेक दाबताना अ‍ॅक्सिलरेटरही दाबला जातो. वहिनींनाही तेच सांगा, चालवून पाहायची पाळी त्यांच्यावरही येईल.